मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा अनेक



व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांना वाटले असेल की, मुंबईहून लंडन किती दूर आणि विमानाला किती तास लागतात, एवढे सांगण्यासाठी वसंत व्याख्यानमालेची एक संध्याकाळ कशाला खर्ची घालायची? हे तर तिकिटावर छापलेले असते. शंका रास्त आहे. अंतर सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर आणि वेळ साधारण साडेनऊ ते दहा तास, एवढे सांगून आम्ही खाली बसलो तर चिटणीसमंडळींना हारतुऱ्याचा खर्चही अंगावर पडल्यासारखे वाटेल.

पण आम्ही शाळेत शिकलेले त्रैराशिक येथे जरा लावून पाहू. मोठे जेट विमान उंचावर गेल्यावर तासाला नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चालते. सात हजार दोनशेला नऊशेने भागले तर उत्तर येते आठ. मग तिकिटावर साडेनऊ-दहा तास का? आणि त्याच लंडनहून त्याच मुंबईला परत येताना नऊच्या आसपास का? अंतर तर जाताना तेवढेच, येताना तेवढेच. मधले दीड-दोन तास कोणी खाल्ले, याचा शोध घेणे हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

हा शोध केवळ गंमतीचा आहे असे आम्हांला वाटत नाही. या मंडपात बसलेल्या कित्येकांची मुले-नातवंडे आज परमुलखात आहेत. त्यांच्या घरी हे तास भूगोलाच्या पुस्तकातले राहिलेले नाहीत. घरातले कोणी अत्यवस्थ झाले की पहिला प्रश्न निघतो तो हाच, की मुलगा केव्हा पोचेल? वाट पाहायची की उरकून घ्यायचे, याचा निर्णय मंडळी अंगणात उभ्याउभ्या त्या तासांवर करतात. तेव्हा हे तास कशाचे बनलेले असतात ते कळलेले बरे.

प्रथम अंतराचा विचार करू. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती इराणच्या आखातावरून, बगदादच्या आसपास आणि पुढे तुर्कस्तानावरून जाते. पुष्कळांची अशी समजूत असते की हीच जवळची वाट. पण पृथ्वी भिंतीसारखी सपाट नाही. घरी गेल्यावर मुलांचा पृथ्वीचा गोल घ्यावा, शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यावा, एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर धरून दोरा घट्ट ताणावा. तो दोरा आपण होऊन उत्तरेकडे सरकतो. मुंबईहून निघाला की तो जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो. पुढे पूर्व इराणचे वाळवंट, कास्पियन समुद्राचा दक्षिण काठ, मग जॉर्जिया देशाची राजधानी तिबिलिसी. ही तिबिलिसी दोऱ्याच्या जवळजवळ बरोबर मध्यावर पडते. तिथून क्रिमिया, युक्रेन, जर्मनी आणि मग लंडन. सात हजार दोनशे किलोमीटर म्हणतात ते या दोऱ्यावरचे. पृथ्वीवरील दोन गावांमध्ये याहून जवळचा मार्ग नाही, आणि याच मार्गाने अगदी तंतोतंत जाणारे विमानही नाही. का नाही, ते पुढे येईल. कराची, इराण, क्रिमिया, युक्रेन ही नावे तेवढी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावीत.

दोरा ताणणे सोपे, पण तो चालून जायला माणसाला फार वर्षे लागली. सुएझचा कालवा १८६९ साली खुला होण्यापूर्वी मुंबईची गलबते आफ्रिकेला वळसा घालून विलायतेस जात. तो मार्ग सुमारे एकोणीस हजार आठशे किलोमीटरांचा. कालव्याने तो साडेअकरा हजारांवर आणला. मधल्या एका अरुंद पट्टीत खणलेल्या चराने आठ हजार किलोमीटर पुसून टाकले. तरीही मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी १८८८ च्या ४ सप्टेंबरला मुंबईच्या धक्क्यावरून निघाले, ते लंडनला पोचले महिना संपता संपता. तेव्हा विलायतेस जाणाऱ्याला निरोप द्यायला सगळी आळी बंदरावर का येत असे आणि डोळ्यांना पदर का लागत असत, ते या आकड्यांवरून समजते. मागे कोणाचे काही झाले तर ते त्याला पत्राने कळायचे, आणि त्या पत्रालाही तेवढेच दिवस लागायचे.

आकाशातली वाट उघडली ती १९२९ साली. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची अशी टपालाची आणि उतारूंची सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागत, आणि गंमत अशी की त्यातला काही प्रवास चक्क आगगाडीने होई! बाझलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत गाडी, पुढे समुद्रावर उतरणारे विमान, असा तो सगळा थाट होता. विमानाने गेलो असे सांगायला ज्यांना मोठी ऐट वाटत असे, त्यांनी आल्प्स पर्वत बोगद्यातून ओलांडलेला असे.

१९३२ साली या मार्गावर दोन गोष्टी घडल्या. पहिली सर्वांना ठाऊक आहे. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानात टपालाच्या पिशव्या घालून कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस थांबून मुंबईत जुहूला उतरले. लंडनहून कराचीपर्यंत आलेले टपाल मुंबईपर्यंत हवेतूनच आले. पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बल्लारीमार्गे मद्रासला नेले. आपण आता गोलावर जो दोरा ताणला, त्याचा कराची ते मुंबई हा शेवटचा तुकडा त्या दिवशी जोडला गेला.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे, पण आमच्या मते तिचे महत्त्व कमी नाही. त्याच वर्षी इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची इंपीरियल एअरवेजची परवानगी पुढे चालू ठेवली नाही. मग कंपनीने सगळा मार्ग उचलून आखाताच्या पलीकडच्या, अरबस्तानच्या काठाला नेला, आणि शारजा या तेव्हाच्या लहानशा गावी विमाने उतरू लागली. म्हणजे एका टोकाला दोरा जोडला जात होता त्याच साली मध्ये तो बाजूला ओढला गेला. वाट आकाशातली असली तरी तिच्याखाली कोणाचे तरी राज्य असते. १९४४ साली शिकागो येथे राष्ट्रांनी जो करार केला, त्याच्या पहिल्याच कलमात हे तत्त्व नमूद आहे : प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि एकट्याची सत्ता आहे. कौल जितका आपला, तितकेच त्यावरचे आभाळ आपले, असे हे कलम म्हणते.

स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत, १९४८ च्या ८ जूनला, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा हे मुक्काम. त्या पहिल्या फेरीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हांला तिच्या पुढची हकिगत सांगायची आहे, कारण अंतर आणि वेळ यांचा हिशेब चुकला म्हणजे काय होते ते तिच्यात दिसते.

हेच मलबार प्रिन्सेस विमान १९५० च्या ३ नोव्हेंबरला जिनिव्हाकडे जात असता आल्प्समधल्या मों ब्लां या शिखरावर आदळले. आतली अठ्ठेचाळीसही माणसे गेली. पंधरा वर्षे उलटली. पंख्यांच्या जागी जेट विमाने आली. १९६६ च्या २४ जानेवारीला 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा असे टप्पे घेत लंडनकडे चालले होते. त्यात डॉ. होमी भाभा होते. तेही विमान त्याच मों ब्लांवर आदळले आणि एकशे सतराजण मृत्युमुखी पडले. याविषयी नाना तर्क लढवले गेले आहेत आणि भाभांचे नाव असल्यामुळे ते अजून लढवले जातात. आम्ही चौकशीतून निघालेले तेवढेच सांगतो. विमानातले दिशा दाखवणारे एक यंत्र बिघडलेले होते. आपण शिखर ओलांडले आहे असे वैमानिकाला वाटले, आणि तसे त्याने जमिनीवरच्या नियंत्रकाला कळवले. नियंत्रकाला रडारवर खरी जागा दिसत होती. त्याने सांगितले की मों ब्लांला अजून पाच मैल आहेत. वैमानिकाने 'समजले' असे उत्तर दिले आणि विमान खाली आणणे चालू ठेवले. बोलणारा एक अंतर सांगत होता, ऐकणारा दुसरेच ऐकत होता. जेटच्या वेगाने पाच मैल म्हणजे एका मिनिटाच्या आतबाहेरचे काम.

त्या डोंगरावरची हिमनदी सावकाश खाली सरकते आणि आपल्या पोटातल्या वस्तू मधूनमधून बाहेर टाकते. २०२० साली तिच्यातून जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे निघाली, इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याच्या मथळ्यांसह. लंडनला जाणारा तो अंक चोपन्न वर्षे वाटेतच होता.

आता मुंबई-लंडनच्या विमानाला जिनिव्हाला उतरावे लागत नाही, बैरूतलाही नाही. इंधन एका दमात पुरते. म्हणून तर आमचे आठ तासांचे त्रैराशिक आम्ही मांडू शकलो. त्यातला पहिला मोठा वाटेकरी वारा.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, जिथे ही विमाने चालतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या नद्या आहेत. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग तासाला शंभर-दोनशे किलोमीटर, कधी त्याहूनही अधिक. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. आपले काम जगाने वाचावे म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या नव्या जागतिक भाषेत छापले, आणि त्यामुळे ते फारच थोड्यांनी वाचले! पुढे १९४४ साली जपानवर चाल करून गेलेल्या अमेरिकन बाँबर वैमानिकांना विमान पुढे का सरकत नाही ते कळेना, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले.

हिशेबाला सोपे जावे म्हणून असे धरू की सबंध वाटेत तासाला शंभर किलोमीटरचा वारा आहे. लंडनला जाताना तो समोरून येतो. नऊशेचे विमान जमिनीच्या मानाने आठशेने चालते. नऊ तास लागतात. येताना तोच वारा पाठीशी; विमान हजाराने चालते; सात तास बारा मिनिटे लागतात. श्रोत्यांनी येथे एक चमत्कार पाहावा. जाताना वाऱ्याने एक तास घेतला आणि येताना अठ्ठेचाळीस मिनिटेच परत केली. बारा मिनिटे त्याने खिशात घातली. जेवढे घेतो तेवढे वारा कधीच परत देत नाही, कारण उलट दिशेने तो आपल्याला अधिक वेळ भेटतो. वाऱ्याला तोंड देऊन सायकल हाणलेल्या माणसाला हे गणिताशिवाय समजते.

हा वारा बारमाही एकसारखाही नाही. हिवाळ्यात त्याचा एक प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेस उतरलेला असतो आणि उत्तर हिंदुस्थानावरून जोरात वाहतो. जूनच्या सुमारास तो हिमालयाच्या पलीकडे जातो, आणि तो गेला की आपल्याकडे पावसाचा मार्ग मोकळा होतो. मग दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह बसतो. आपल्या हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली तो जगापुढे मांडला. म्हणजे ज्या घडामोडीमुळे आपल्या शेतावर पाऊस येतो, तीच विमानाच्या वेळापत्रकातली काही मिनिटे इकडची तिकडे करते.

दुसरा वाटेकरी जमिनीवरचा. तिकिटावरची वेळ ही विमान हवेत असण्याची वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हलले की ती सुरू होते आणि लंडनला जागेवर लागून चाके अडवली की संपते. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे दोहोंवरून एकाच वेळी मोकळेपणी काम चालत नाही आणि रांग लागते. लंडनच्या हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आणि गर्दी जगाची. म्हणून शहराच्या चार बाजूंना आकाशात चार जागा नेमल्या आहेत, तिथे विमाने एकावर एक थर करून घिरट्या घालीत आपल्या पाळीची वाट पाहतात. हे सगळे धरून, वर थोडी गंगाजळी ठेवून कंपन्या वेळ छापतात. विमान 'वेळेआधी' पोचले म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्या गंगाजळीची आठवण ठेवावी.

एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगतो. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची आणि पोचण्याची लंडनच्या घड्याळाची असते. दोहोंत हिवाळ्यात साडेपाच तासांचा आणि मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेचार तासांचा फरक. दुपारी एकला निघालेले विमान संध्याकाळी सहाला पोचले असे वाचून 'पाच तासांत लंडन!' म्हणणारे गृहस्थ आम्हांला भेटले आहेत. मुंबईच्या सूर्याला विचाराल तर तो ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे आहे, आणि मुंबई शहराने ही आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत हट्टाने पाळलीही होती. शिवाय आपल्या गावाहून मुंबईचा विमानतळ गाठणे, तिथे तीन तास आधी हजर राहणे, आणि पलीकडे सामान घेऊन घर गाठणे हे जमेस धरले तर दाराहून दारापर्यंतच्या प्रवासात विमानाचा वाटा जेमतेम निम्मा भरतो. अंगणात उभे राहून हिशेब करणाऱ्यांनी दहा तास न धरता वीस धरावेत.

आता तिसरा वाटेकरी, म्हणजे दोऱ्यावरची ती नावे. २०१९ साली बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत आपले आकाश मिटले. दिल्लीहून इस्तंबूलला सरळ जाणाऱ्या एका भारतीय विमानसेवेला वाटेत कतारला उतरून इंधन भरावे लागू लागले. एकट्या एअर इंडियाचे २ जुलैपर्यंत चारशे एक्क्याण्णव कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. २०२२ च्या २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युक्रेनचे आकाश मुलकी विमानांना बंद झाले. दोऱ्याचा पलीकडचा भाग तिथे तुटला. २०२५ च्या १३ जूनला, अहमदाबादहून लंडनला निघालेल्या विमानाच्या भीषण अपघाताला एकच दिवस झाला असता, इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराणचे आकाश बंद झाले. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेले एक विमान काही तास उडून पुन्हा मुंबईलाच उतरले. आतल्या माणसांनी प्रवास केला, आणि अंतर कापले शून्य.

त्याआधी, पहलगामच्या हत्याकांडानंतर, २०२५ च्या २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. ३० एप्रिलला आपण त्यांच्या विमानांना आपले बंद केले. मग दोन्हीकडून ही बंदी महिन्यामहिन्याने वाढवण्यात आली. कारण योग्य की अयोग्य, याची चर्चा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. पण तिचा एक परिणाम पाहण्याजोगा आहे. बंदी होती ती भारतीय विमानांना. ब्रिटिश कंपनीच्या विमानाला पाकिस्तानवरून जाण्यास तिची आडकाठी नव्हती. म्हणजे एकाच दिवशी, एकाच मुंबईहून एकाच लंडनला निघालेल्या दोन विमानांना दोन निरनिराळी अंतरे लागू होती. शेपटीवर कोणत्या देशाचे चिन्ह आहे त्यावरून.

दिल्ली-अमृतसरच्या विमानांना याची झळ फार लागली, मुंबईला समुद्र जवळ असल्यामुळे कमी. तरी वळसा तो वळसा. मोठे विमान तासाला पाच टनांच्या आसपास इंधन जाळते. जादा अर्ध्या तासाचे इंधन आधीपासून वाहून न्यावे लागते, आणि ते वाहून नेण्यासाठी आणखी थोडे जाळावे लागते. तो खर्च शेवटी उतारूच्याच गळ्यात पडतो.

बंदीच्या त्या काळात मुंबईहून निघालेले भारतीय विमान अरबी समुद्रावरून सरळ ओमानकडे गेले. कराची उजव्या हाताला दूर राहिली. गोलावरच्या आपल्या दोऱ्याचा मुंबई ते कराची हा तुकडा साऱ्या दोऱ्याच्या आठव्या हिश्शाएवढा आहे. पस मॉथमधून टाटांनी १९३२ साली टपाल आणले ते त्याच पट्ट्यातून.